मंद कोण : मूल कीं वर्ग?

जून महिना लागला कीं आपल्याकडील शाळा उघडतात, नव्या पुस्तकांचा वास घरांत दरवळतो, आणि आईबाप मुलास वर्गाच्या दारापर्यंत पोंचवून निश्चिंत मनानें आपापल्या उद्योगास लागतात. त्या दाराच्या आंत पुढें काय घडतें याची विचारपूस करणारे पालक थोडे. चाळीस-पन्नास मुलें एका खोलींत बसतात. त्यांतील एकाच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे, दुसऱ्याच्या घरीं अक्षर ओळखणारें कोणी नाहीं. एकास कमी ऐकूं येतें, दुसऱ्यास फळ्यावरचें दिसत नाहीं. कोणाची घरची बोली निराळी, तर कोणाची बुद्धि चपळ परंतु हात जड. या सर्वांस एकच धडा, एकाच वेळीं, एकाच आवाजांत दिला जातो. आणि ज्यांच्या गळीं तो उतरत नाहीं त्यांच्या कपाळीं ढ हें अक्षर कायमचें लिहिलें जातें. एखाद्या शिंप्यानें माप न घेतां पन्नास गिऱ्हाइकांस एकाच मापाचे अंगरखे शिवले, आणि ज्यांना ते बसले नाहींत त्यांच्या अंगाचा दोष काढला, तर त्याचें दुकान बाजारांत महिनाभरही चालणार नाहीं. शाळेचें मात्र चालतें.

कायदा या बाबतींत मुका आहे असें नाहीं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यांत शिक्षकाचीं कर्तव्यें २४ व्या कलमांत सांगितलीं आहेत. प्रत्येक बालकाची शिकण्याची कुवत अजमावून तदनुसार जरूर तर त्यास जादा शिकवावें, हें त्यांतील एक कर्तव्य होय. कायद्याचे अभ्यासक या नात्यानें आम्हांस यांतील प्रत्येक हा शब्द फार मोलाचा वाटतो. परंतु याच कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन, पांचवीच्या व आठवीच्या पुनःपरीक्षेंतही नापास झालेल्या मुलास त्याच वर्गांत ठेवण्याची मुभा राज्यसरकारांस मिळाली. पहिलें कर्तव्य पार न पाडतां या मुभेचा अंमल करणें म्हणजे प्रतिवादीवर समन्स न बजावतां त्याच्याविरुद्ध हुकूमनामा करण्यासारखें आहे.

अशा प्रसंगीं खरोखर नापास कोण झालें, मूल कीं वर्ग, हा प्रश्न सव्वाशें वर्षांपूर्वीं रोम शहरांत एका तरुण स्त्री-डॉक्टरास पडला आणि त्याचें उत्तर शोधण्यांत तिचें आयुष्य गेलें. त्या डॉ. मारिया मॉन्टेसरी होत. त्यांचें नांव आपल्या शहरांतील बालवर्गांच्या पाट्यांवर पुष्कळांनीं वाचलें असेल. परंतु त्या कोण व त्यांनीं काय केलें हें त्या पाट्यांखालून रोज जाणाऱ्यांसही ठाऊक असेलच असें नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मारियाबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजीं इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील अँकोना शहराजवळ क्यारावाले या गांवीं झाला. पुढच्याच महिन्यांत रोम शहर पोपच्या हातून जाऊन नव्या एकसंध इटलीस मिळालें. त्या इटलीच्या मॅझिनीचें चरित्र १९०७ सालीं मराठींत छापलें गेलें व इंग्रज सरकारनें त्यावर बंदी घातली, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्याच १९०७ सालीं रोमच्या एका दरिद्री वस्तींत जी दुसरी क्रांति सुरू झाली, तिची वार्ता मात्र आपल्याकडे उशिरां पोंचली. मारियाबाईंचे वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे शिकलेली व वाचनाची आवड असलेली. मुलीस शिकावयाचेंच असेल तर तिनें शिक्षिका व्हावें, अशी त्या काळच्या मध्यम वर्गाची समजूत होती आणि ती आपल्याही परिचयाची आहे. दैवाचा खेळ असा, कीं मारियाबाईंस नेमकी तेवढी एकच गोष्ट करावयाची नव्हती. तेराव्या वर्षीं त्या तांत्रिक शाळेंत गेल्या, इंजिनियर होण्याचा विचार करूं लागल्या, आणि मग तो सोडून वैद्यकाकडे वळल्या. वडिलांचा विरोध व सहाध्यायांची टिंगल सोसून त्यांनीं रोमच्या विद्यापीठांत हें शिक्षण घेतलें. पुरुषांसमवेत एका स्त्रीनें शवाचें विच्छेदन करणें अशिष्ट मानलें जाई; म्हणून तें काम त्यांना वर्ग सुटल्यावर, एकटीनें, प्रेतांच्या सोबतींत करावें लागे. १८९६ सालीं त्या पदवीधर झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी घेतली त्यास तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं, हें या ठिकाणीं नमूद केल्यास अप्रस्तुत होणार नाहीं.

पदवी मिळाल्यावर त्या विद्यापीठाच्या मानसोपचार विभागांत काम करूं लागल्या. त्या निमित्तानें त्यांना शहरांतील वेड्यांचीं इस्पितळें पाहावीं लागत. बुद्धीनें कमी मानलेलीं मुलें तेथें वेड्या माणसांबरोबरच कोंडलेलीं असत. असें सांगतात कीं, एके ठिकाणीं मुलें जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेंचण्यास धांवतात म्हणून राखणदार बाई त्यांच्याविषयीं किळस दाखवीत होती. मॉन्टेसरीबाईंनीं खोलीभर नजर फिरविली. तेथें चार भिंतींखेरीज कांहीं नव्हतें. हातांत धरण्याजोगी, चांचपून पाहण्याजोगी एकही वस्तु नव्हती. तीं मुलें पोटाच्या भुकेनें नव्हे, हातांस काम नाहीं म्हणून ते कण उचलीत होतीं. ज्यास सर्व वैद्य रोग म्हणत होते तो पुष्कळ अंशीं शिक्षणाचा अभाव आहे, ही गोष्ट त्यांच्या मनानें घेतली.

अशा मुलांस शिकवितां येतें काय, याचा शोध घेत त्या दोन जुन्या फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांपर्यंत पोंचल्या. पहिला इतार. फ्रान्समधील आव्हेरों प्रांताच्या रानांतून १८०० सालीं हातीं लागलेल्या एका मुक्या मुलास माणसांत आणण्यासाठीं त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली होती. दुसरा त्याचा शिष्य सेगँ. यानें मंदबुद्धि मुलांच्या स्पर्शास, दृष्टीस, श्रवणास वळण लावणारीं साधनें योजिलीं. या दोघांचें लिखाण मॉन्टेसरीबाईंनीं इटालियन भाषेंत स्वतःच्या हातानें उतरून काढलें. लिहितां लिहितां प्रत्येक शब्दाचें वजन कळावें हा हेतु. छापलेलें पुस्तक जवळ असतां ही मेहनत कशाला, असें कोणी म्हणेल. ज्यानें उमेदवारींत जुने निवाडे हातानें उतरले आहेत त्यास याचें उत्तर ठाऊक आहे.

१९०० सालीं रोममध्यें अशा मुलांसाठीं व त्यांच्या शिक्षकांसाठीं एक संस्था निघाली आणि तिचीं सूत्रें डॉ. मोंतेसानो यांच्याबरोबर मॉन्टेसरीबाईंच्या हातीं आलीं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या मुलांत बसत. कोणतें साधन कोणत्या मुलाच्या हातांत टिकतें, कोणतें तें फेंकून देतें, हें टिपून ठेवीत, आणि रात्रीं त्या टिपणांवरून दुसऱ्या दिवशींचीं साधनें बदलीत. पुढें यांतील कांहीं मुलें धडधाकट मुलांबरोबर लेखन-वाचनाच्या सार्वजनिक परीक्षेस बसलीं व उत्तीर्ण झालीं. लोक या चमत्कारानें थक्क झाले. मॉन्टेसरीबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीनें थक्क झाल्या. वेड्यांच्या इस्पितळांतून आणलेलें मूल जर या परीक्षेंत निरोगी मुलाच्या बरोबरीस येतें, तर त्या निरोगी मुलास त्याच्या शाळेनें इतके दिवस कोठें अडवून ठेवलें होतें?

या चरित्राचा गाभा आमच्या मतें हाच आहे. दुसरा कोणी असता तर आपल्या यशाचीं प्रशस्तिपत्रें गोळा करून स्वस्थ बसला असता. बाईंनीं आपला पुरावा उलटून पाहिला, आणि ज्याच्यावर आजवर आरोपच नव्हता त्या सामान्य वर्गास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. मंद मुलाजवळ कोणीतरी बसलें, त्याच्या गतीनें चाललें, त्याच्या हातास झेपेल अशी वस्तु त्यास दिली. हुशार मुलाजवळ कोणीच बसलें नव्हतें. भेद तेवढाच होता.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १८९८ सालीं मोंतेसानो यांजपासून त्यांना मुलगा झाला. विवाह झाला नव्हता. बोभाटा झाला असता तर त्यांचा व्यवसाय व कार्य हीं दोन्ही बुडालीं असतीं. तेव्हां मारियो नांवाचें तें मूल खेड्यांत दुसऱ्या कुटुंबाच्या हातीं वाढलें, आणि वयाच्या सुमारें पंधराव्या वर्षीं आईजवळ राहण्यास आलें. जगाच्या मुलांस घर देणाऱ्या स्त्रीस आपलें मूल घरांत ठेवतां आलें नाहीं. यांत दोष तिचा किती आणि अशा प्रसंगीं केवळ स्त्रीस शासन करणाऱ्या समाजाचा किती, याचा निवाडा करण्यापूर्वीं आपल्याकडील वाचकांनीं आपल्या समाजाकडेही एकदां पाहावें.

१९०१ सालीं ती संस्था सोडून त्या पुन्हां विद्यार्थिनी झाल्या व तत्त्वज्ञान, मानसशास्त्र शिकूं लागल्या. निरोगी मुलांवर आपली पद्धति लावून पाहण्याची संधि त्यांना सहा वर्षांनीं मिळाली, आणि ती मिळवून दिली कोणा शिक्षणखात्यानें नव्हे, तर घरभाड्याच्या हिशेबानें. सान लोरेंझो ही रोममधील मजुरांची गलिच्छ वस्ती. घरें बांधून भाड्यानें देणाऱ्या एका मंडळीनें तेथील चाळी दुरुस्त केल्या. परंतु आईबाप कामावर गेल्यावर मागें राहिलेलीं लहान पोरें नव्या भिंती व जिने खराब करूं लागलीं. वारंवार डागडुजी करण्यापेक्षां पोरांस एका खोलींत सांभाळणारें कोणी नेमलें तर तें स्वस्त पडेल, असा मंडळीच्या चालकांनीं विचार केला व मॉन्टेसरीबाईंस बोलाविलें. ६ जानेवारी १९०७ रोजीं ती खोली उघडली. सुमारें पन्नास मुलें, वय तीन ते सहा-सात. तिला नांव मिळालें बालकांचें घर. देखरेखीसाठीं नेमलेली बाई शिक्षिकेचें शिक्षण घेतलेली नव्हती. तें बरेंच झालें असें आम्हांस वाटतें, कारण विसरावयाचें असें तिच्याजवळ कांहीं नव्हतें.

या खोलींत जें घडलें तें मॉन्टेसरीबाईंनीं आधीं ठरविलेलें नव्हतें. त्यांनीं साधनें ठेवलीं आणि बाजूस बसून पाहिलें. सुमारें तीन वर्षांची एक मुलगी लांकडी दट्ट्ये भोंकांत बसविण्याचें काम चाळिसांहून अधिक वेळां पुनःपुन्हां करीत राहिली. भोंवतीं इतर मुलांकडून गाणें म्हणविलें, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलें, तरी तिचें लक्ष हललें नाहीं. एक दिवस बाईस येण्यास उशीर झाला, तेव्हां मुलांनीं कपाट उघडें पाहून आपापलीं साधनें काढलीं व कामास लागलीं. दुसऱ्या कोणी त्यांना चोरीबद्दल छडी दिली असती. मॉन्टेसरीबाईंनीं त्यावरून ओळखलें कीं, कोणास काय हवें हें मुलांस कळतें. आणि कुलुपाचीं उंच कपाटें काढून मुलांच्या हातास येतील अशीं ठेंगणीं कपाटें करविलीं. बक्षिसें दिलीं, तीं मुलांनीं टाकून दिलीं. एकदां त्यांनीं नाक कसें शिंकरावें हें नीट करून दाखविलें, तर मुलांनीं टाळ्या वाजविल्या. नाकावरून मुलांना सारेच हिणवितात, पण तें साफ कसें करावें हें त्यांस सन्मानानें कोणी शिकविलेलें नव्हतें.

साधनांचें मर्म समजण्यास व्यापारी वाचकांस अडचण पडूं नये. दट्ट्या चुकीच्या भोंकांत घातला तर शेवटीं एक दट्ट्या उरतो व एक भोंक रिकामें राहतें. मूल तें पाहतें आणि स्वतःच दुरुस्त करतें. वहीचा ताळा जमला नाहीं तर मुनीमास मालकानें ओरडण्याची वाट पाहावी लागत नाहीं, तसेंच हें आहे. चूक दाखविण्याचें काम वस्तूकडे गेलें, कीं शिक्षकाचा आवाज, छडी व मुलाची मानहानि हीं तिन्ही एकदम अनावश्यक होतात. मग जलद मूल पुढें जातें, त्यास कोणी थांबवीत नाहीं. सावकाश मूल तेंच काम वीस वेळां करतें, त्यास कोणी हंसत नाहीं. ज्याचे डोळे मंद त्याला बोटांनीं शिकतां येतें, ज्याचा हात कच्चा त्याला आधीं बटणें लावण्याच्या व बंद बांधण्याच्या चौकटी मिळतात. तीन वर्षांच्या अंतराचीं मुलें एकत्र बसत असल्यानें लहान मुलें थोरांचें पाहून शिकत व थोर त्यांना शिकवून पक्कीं होत. थोर विद्यार्थ्यानें धाकट्यास शिकविण्याची रीत तर आपल्या पंतोजींच्या शाळांत होतीच. अँड्र्यू बेल यानें ती मद्रासेस पाहून इंग्लंडांत नेली होती.

अक्षरांची गोष्ट तर विशेष सांगण्यासारखी आहे. सुतार ज्या खरखरीत कागदानें लांकूड घासतो त्या कागदाचीं अक्षरें कापून त्यांनीं पुठ्ठ्यावर चिकटविलीं. मूल त्यांवरून बोट फिरवी व त्या अक्षराचा उच्चार ऐकून स्वतः करी. कांहीं आठवड्यांनीं, कोणीही लिहावयास सांगितलें नसतां, मुलें खडूनें जमिनीवर आपोआप शब्द लिहूं लागलीं, आणि वाचन मागाहून आलें. आपल्याकडे धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरविण्याची जी चाल होती तिला हंसून आपण सोडून दिलें. बोटास अक्षर आधीं कळतें, हें तत्त्व रोमहून परत आलें तेव्हां आपण त्यास नवें म्हणूं लागलों.

१९०९ सालीं त्यांनीं आपली पद्धति ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, आणि थोड्याच वर्षांत त्यांची कीर्ति युरोप-अमेरिकेंत पसरली. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनांत कांचेच्या भिंतींचा वर्ग उभारून लोकांस मुलें कामांत गढलेलीं दाखविण्यांत आलीं. तथापि टीकाही झाली, व ती सर्वस्वीं निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. अमेरिकेंतील किलपॅट्रिक या अध्यापकानें १९१४ सालीं आक्षेप घेतला कीं, ठराविक साधनांच्या या पद्धतींत मुलाच्या कल्पनाशक्तीस वाव अपुरा आहे. शिवाय बाईंनीं शिक्षक तयार करण्याचा अधिकार बराच काळ स्वतःच्या हातीं घट्ट ठेवला, आणि साधनें महाग पडत. गरिबांच्या चाळींत जन्मलेली ही पद्धति त्यामुळें अनेक देशांत श्रीमंतांच्या बंगल्यांत वाढली.

मुसोलिनीशीं त्यांनीं केलेली सोयरीक हा त्यांच्या चरित्रांतील आणखी एक डाग होय. १९२४ पासून त्यानें त्यांच्या शाळांस आश्रय दिला व त्यांनीं तो घेतला. स्वतः निवड करणाऱ्या मुलांची शाळा आणि एका माणसाच्या हुकुमावर चालणारें राष्ट्र हीं एका घरांत नांदणार नाहींत, हें कळण्यास त्यांना दहा वर्षें लागलीं. १९३४ मध्यें संबंध तुटला व इटलींतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. जर्मनींत हिटलरनें त्या आधींच बंद केल्या होत्या. बाई बार्सिलोनास राहत होत्या. तेथें १९३६ सालीं यादवी युद्ध पेटल्यावर त्या हॉलंडास गेल्या.

१९३९ सालीं थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारियोसह मद्रासेजवळ अड्यार येथें आल्या, वय ६९. पहिल्याच वर्गास हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतून तीनशेंवर शिक्षक आले. १९४० च्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरली, आणि मुसोलिनीनें ज्यांच्या शाळा मोडल्या त्याच बाई इंग्रजांच्या कायद्यानें शत्रुराष्ट्राची प्रजा ठरल्या! मारियोस अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणींत स्थानबद्ध केलें. याच नगरच्या किल्ल्यांत दोन वर्षांनीं नेहरू, पटेल, आझाद प्रभृति पुढारी बंदींत पडले, तेव्हां तें गांव सरकारच्या अशा पाहुणचारास सरावलेलें होतें. बाईंस अड्यारच्या आवारांत राहण्याचा हुकूम झाला. ३१ ऑगस्ट १९४० रोजीं, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशीं, व्हाइसरॉयनें मारियोची सुटका करून त्यास त्यांच्याकडे पाठविलें, व तें त्यांचा पुत्र म्हणून. जगापुढें आजवर तो त्यांचा भाचा किंवा मानलेला मुलगा होता. १९४६ पर्यंत त्या या देशांत राहिल्या. कोडाइकनालच्या थंड हवेंत त्यांनीं थोड्या मोठ्या मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग चालविला, आणि त्यांच्या हाताखालून शेंकडों हिंदी शिक्षक तयार झाले.

परंतु या देशांतील काम त्यांच्या येण्यापूर्वींच सुरू झालें होतें. भावनगरचे गिजुभाई बधेका हे आमच्याच धंद्यांतले. त्यांनीं वकिली सोडून १९१६ सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत प्रवेश केला व १९२० मध्यें तेथें बालमंदिर काढलें. पुढें त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि १९२६ सालीं दोघांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. महाग साधनांच्या आक्षेपाचें उत्तर याच मंडळींनीं दिलें. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्यें वारले. मॉन्टेसरीबाईंस अड्यारास आलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

पन्नास मुलांत प्रत्येकाकडे पाहावयाचें कसें, असें शिक्षक विचारतात, व तो प्रश्न आम्ही उडवून देऊं इच्छीत नाहीं. २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टांत प्राथमिक शाळेस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असें लिहिलें आहे. ते दोन जागेवर आहेत कीं नाहींत हें पाहणें पालकांचें काम आहे, आणि नगरपालिकेच्या निवडणुकींत मतें मागावयास येणाऱ्यांस त्यांनीं हें जरूर विचारावें. तथापि सान लोरेंझोच्या खोलींतही मुलें पन्नासच होतीं व बाई एक. शिक्षक दिवसभर सर्वांशीं एकदम बोलण्याचें सोडतो तेव्हांच त्यास एकेकाशीं बोलण्यास वेळ मिळतो. खरखरीत कागदाचीं अक्षरें, चिंचोके, कवड्या, मातीच्या गोळ्या यांना सरकारी मंजुरी लागत नाहीं. शेवटच्या रांगेंतील मुलाची नजर व कान एकदां तपासून घेण्यास तर कांहींच खर्च नाहीं.

मॉन्टेसरीबाई ६ मे १९५२ रोजीं हॉलंडच्या किनाऱ्यावरील नोर्डवाइक येथें वारल्या व तेथेंच त्यांना पुरलें. ताराबाई मोडक तेव्हां ठाणें जिल्ह्याच्या बोर्डी गांवीं होत्या. शहरांतील काम सोडून १९४५ पासून त्यांनीं अनुताई वाघ यांच्यासह तेथें खेड्यांतील मुलांसाठीं बालवाडी चालविली होती, व १९५७ सालीं दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील वारली मुलें दिवसा गुरें राखीत, म्हणून शाळेंत येत नसत. तेव्हां शिक्षिका गुरांमागून कुरणांत जाऊं लागल्या. दगड, पानें, बिया व शिंपले हींच साधनें झालीं, आणि गुरें चरत असतां मुलें मोजूं व लिहूं लागलीं. ताराबाई १९७३ च्या ३१ ऑगस्टला, मॉन्टेसरीबाईंच्या जन्मदिवशींच, निवर्तल्या. अनुताईंनीं तें काम १९९२ सालीं आपला अंत होईपर्यंत चालविलें.